कस्तुराबाईची अळणी पोळी

आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाची पोळी कस्तुराबाईच्या हातची असायची. दुसऱ्या कुणाची चालत न्हवती असं न्हाई, पण बाकीच्या बायांची एक तर जाड व्हायची, न्हाई तर करपायची. माझी तर इचारूच नका. पाद्रीसाहेब तीन महिन्यांतून एकदा पूर्णेहून पॅसेंजरनं यायचे, चुडाव्याच्या ठेसनावर उतरायचे अन् तिथून पायी आमच्या गावाला. ते यायचे त्या रविवारीच प्रभुभोजन, येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीचं. आदल्या दिवशी कस्तुराबाई गहू निवडायची, जात्यावर दळायची, अन् रविवारी अंघोळ करून, डोक्यावरून पदर घेऊन एकच मोठी पोळी लाटायची. बिनमिठाची. पाद्रीसाहेब ती मोडायचे अन् मेजापुढं गुडघे टेकलेल्या सगळ्यांना एकेक तुकडा द्यायचे.

तर पोळी तिची, खायची अख्खी मंडळी, अन् बहात्तरच्या दुष्काळापासून तिनं सोता त्यातला एक तुकडा तोंडात घातला न्हाई. सगळे उठून मेजाकडं जायचे, ही आपली चटईवर खाली मान घालून बसलेली. पुढच्या बारीला तेच. त्याच्या पुढच्या बारीला बी तेच.

लोकांच्या तोंडाला काय झाकण असतं का? कुणी म्हणलं, हिनं काही तरी मोठं पाप केलंय. कुणी म्हणलं, माहेरी वालूरला गेली तव्हा गुपचूप नवस फेडून आली. मी त्याच घरात होते. खरं काय ते मला ठाऊक हाय, म्हणून मी सांगायलेय. मधी कुणी "जाऊ द्या सुमनबाई, झालं गेलं" म्हणू नका. मला लय राग येतो.

कस्तुराबाई माझी थोरली जाऊ. माझा मालक पंडित, रेल्वेत गँगमन. त्याचे थोरले भाऊ भुजंग मास्तर, म्हणजे माझे भासरे. नाव भुजंग अन् काम सुवार्ता सांगायचं! आजीनं ठेवलेलं नाव, बाप्तिस्म्यात बी कुणी बदललं न्हाई. आधी ते मिशनच्या शाळेत शिकवायचे. शाळा बंद पडली, मास्तर नाव तेवढं राहिलं, अन् मंडळीचं काम त्यांच्याकडं आलं. मंडळी म्हणजे तरी काय, आमची पाच-सात घरं. पत्र्याची एक खोली, तेच आमचं देऊळ. पंडितनं भंगारातला रुळाचा तुकडा आणून लिंबाला टांगला होता, तीच घंटा.

मास्तर माणूस वाईट न्हवते, हे आधीच सांगते, न्हाई तर तुमी पुढं त्यांना शिव्या द्याल. इमानी माणूस. डफ घेऊन बाजाराच्या गावाला जायचे, उन्हात उभं राहून प्रभूचं गाणं म्हणायचे. लोकं घडीभर थांबायचे अन् मिरच्या घ्यायला निघून जायचे. एका गावात तर शेवटपर्यंत एक म्हैस तेवढी ऐकत होती, ती बी बांधलेली होती म्हणून. घरी आले की पायाला तेल लावत बसायचे अन् म्हणायचे, "एक दिवस हे देऊळ भरंल. बसायला जागा राहणार न्हाई." दर रविवारी ते जास्तीच्या चटया अंथरायचे. दर रविवारी त्या तशाच झाडून गुंडाळायच्या. मला खरंच कीव यायची.

नवरा-बायकोचं भांडण कुठल्या घरात न्हाई? पंडित अन् मी भांडलो की लिंबावरचे कावळे उडायचे. पण मास्तर अन् जाऊबाईचं भांडण व्हायचं प्रार्थनेत. दिवेलागणीला आमी सगळे चटईवर बसायचो, एक गाणं म्हणायचो, मग एकेकानं डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना करायची. जाऊबाई दिवसभर मास्तरांना उलटून बोलायची न्हाई. डोळे मिटले की मात्र सुरू. "हे प्रभू, तुझ्या सेवकाला वहाणा दारात काढायची बुद्धी दे. सारवलेली भुई बी तूच दिलीस." मग मास्तरांची पाळी. "हे दयाळू बापा, तुझ्या दासीला समज दे, की कालवणात तिखट कमी पडलं तरी माणूस जगतो." मी पदरात तोंड घालून हसायचे. पण एक सांगते, देवापुढं बोललेलं दोघं बी मनावर घ्यायचे. दुसऱ्या दिवशी वहाणा दारात असायच्या, कालवण मवाळ असायचं. मला वाटायचं, भांडावं तर असं भांडावं.

माझी मात्र अडचण होती. आमच्यात भासऱ्यासमोर धाकट्या सुनेनं तोंड वर करून बोलायचं न्हाई. आज्यापासून ख्रिस्ती असलो म्हणून काय रीत सुटती का? आता माझ्यासारखीनं गप बसायचं म्हणजे! म्हणून मास्तरांना काही ऐकवायचं असलं की मी दावणीच्या शेळीसंगं बोलायचे. "काय गं शेळे, आज पाणी भरायला घरात एक बी गडी न्हाई का?" लेकी बोले सुने लागे म्हणतात, तसं माझं शेळी बोले भासऱ्या लागे. मास्तर खाकरायचे अन् घागर उचलायचे.

मग बहात्तर साल आलं. ज्यानं बगितलं त्यालाच ठाऊक. विहिरी तळाला गेल्या, जनावरं मातीमोलानं गेली. रेशनला ती लाल मिलो, परदेशातून आलेली ज्वारी मिळायची, थापायला गेलं की भाकरी हातात तुटायची. सरकारनं रस्त्यावर खडी फोडायची कामं काढली अन् अख्खं गाव हातोडी घेऊन उन्हात बसलं. त्या वख्ताला पाद्रीसाहेबांनी खटपट करून दुधाच्या भुकटीची पोती अन् थोडे गहू आणले. पोती आमच्या घरात लावली अन् मास्तरांना बजावून गेले, "लेकरांना अन् गरोदर बायांना रोज दूध द्या. कुणाची जात पुसू नका, धर्म पुसू नका. जो भुकेला येईल त्याला द्या."

सुरुवातीला तसंच चाललं. देवळाच्या दारात चूल पेटायची, जाऊबाई मोठ्या भगुन्यात भुकटी कालवून उकळायची, मास्तर ओगराळ्यानं वाटायचे. चार दिवसांत सगळ्या गावाची लेकरं दारात. महारवाड्यातली, वरच्या आळीतली, मुसलमानांची. ज्या माणसानं आयुष्यभर रिकाम्या चटया झाडल्या, त्याच्या दारापुढं लिंबापर्यंत रांग! मास्तरांचे डोळे भरून यायचे. अन् तिथंच पाय घसरला बगा. एका सकाळी ते ओगराळं हातात धरून म्हणले, "आजपासून आधी सगळ्यांनी प्रभूची प्रार्थना म्हणायची. मी सांगतो, माझ्या मागून म्हणा. मग दूध."

जाऊबाईनं भगुन्यातून वर बगितलं. "अवो, पाद्रीसाहेबांनी तर असं सांगितलं न्हाई," ती हळूच म्हणली.

"पोटाला देतोय, तर आत्म्याला बी द्यावं," मास्तर म्हणले. "ह्यात वाईट काय हाय?"

लोकांनी म्हणली प्रार्थना. भुकेल्याला काय, तुमी उलटं टांगून म्हणायला लावलं तरी म्हणंल. वरच्या आळीची म्हातारी लक्ष्मीबाई नातवाला घेऊन यायची. भाकर मागायची ओळ आली की ती मोठ्यानं जोडायची, "अन् बैलाला कडबा बी दे रे बाबा!" लोकं हसायचे, मास्तर डोळे मिटून पुढं म्हणायचे. रविवारी त्यातली निम्मी माणसं देवळात येऊन बसायला लागली. साऱ्या चटया भरल्या. मास्तर तर हवेत चालायले होते.

मग एक दिवस रांगेत धुरपताबाई उभी राहिली. धुरपताबाई आमच्याच वस्तीतली. तिचा अन् आमचा आजा शेजारी शेजारी राहिलेले. आमच्या आज्यानं बाप्तिस्मा घेतला, तिच्या घरानं छप्पन साली बुद्धाची दीक्षा घेतली, पण विहीर एकच अन् सुखदुःख एकच. जाऊबाईची तर ती लग्नानंतरची पहिली मैत्रीण. नवरा वारलेला, सून बाळंतपणात गेलेली, मुलगा कामासाठी दूरदेशी. घरात ती अन् नात पंचफुला. पोरगी काटकीसारखी झालेली. धुरपताबाई इतके दिवस आली न्हाई, कारण मिंधेपणा तिला जमत न्हवता. पण लेकराचं तोंड बगवंना म्हणून आली.

सगळे हात जोडून म्हणायले, अन् ही तांब्या धरून गप उभी. मास्तरांनी बगितलं. "धुरपताबाई, तुमी म्हणा ना."

"मास्तर," ती म्हणली, "हात कुणापुढं जोडायचे ते मी छप्पन साली ठरविलं. तुमच्या देवाला मी नावं ठेवत न्हाई. पण दुधासाठी म्हणले, तर तुमच्या देवाला बी फसविलं अन् सोताला बी."

मास्तरांचे कान लाल झाले. तिथंच ते "बरं" म्हणले असते, तर ही गोष्टच झाली नसती. पण एवढ्या लोकांपुढं! ते म्हणले, "चार शब्द म्हणल्यानं तोंड झिजत न्हाई. म्हणायचे नसतील तर रांग सोडा, मागं लेकरं उभी हायत."

धुरपताबाईनं तांब्या उलटा केला, पदराखाली धरला अन् पंचफुलाचा हात धरून चालायला लागली. पोरगी मागं वळून वळून भगुन्याकडं बगत गेली. मी अजून इसरले न्हाई तिचं ते बगणं.

जाऊबाई चुलीपासून उठली. कुणाला काही न बोलता तिनं तांब्याभर दूध घेतलं अन् धुरपताबाईच्या घराकडं निघाली. मी मागं. धुरपताबाई उंबऱ्यात बसली होती.

"पंचफुलासाठी आणलं गं," जाऊबाई म्हणली.

"मास्तरांनी धाडलं का?"

"न्हाई. मी आणलं."

"मग ते चोरीचं हाय, कस्तुरा. घेऊन जा. तुझं माझं काही वाकडं न्हाई, पण घेऊन जा."

जाऊबाई तसाच तांब्या घेऊन परत आली अन् ते दूध भगुन्यात ओतलं.

त्या दिवशी दिवेलागणीला प्रार्थनेला बसलो. मास्तरांनी केली, पंडितनं केली, मी केली. जाऊबाईची पाळी आली. ती गप. मास्तर वाट बगायले. शेवटी म्हणले, "कर ना."

"केली मी," जाऊबाई म्हणली. "मनात."

इतक्या वर्षांच्या संसारात तिनं मनात प्रार्थना पहिल्यांदा केली. मास्तरांचं तोंड उतरलं. बायको चिडली तर माणूस समजूत घालतो. पण ती देवाजवळ काय बोलली हेच कळंना झालं तर करावं तरी काय?

दुसऱ्या दिवशी जाऊबाई हातोडी घेऊन खडीच्या कामाला निघाली. मास्तर दारात आडवे आले. "हे काय? घरात गहू हायत, दूध हाय. मास्तराची बायको खडी फोडायला? लोकं काय म्हणतील?"

"जे धुरपताला न्हाई, ते मला बी नको," ती म्हणली, अन् वहाणा घालून गेली.

दिवसभर ती धुरपताबाईच्या शेजारी बसून दगड फोडायची. हाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. दुपारी दोघी मिलोची भाकरी सोडायच्या अन् आपल्या भाकरीतला मोठा तुकडा जाऊबाई पंचफुलाला द्यायची. धुरपताबाई तो घेऊ द्यायची, कारण तो घामाचा होता. घरातल्या मदतीच्या दाण्याला जाऊबाईनं शिवलं न्हाई. मला म्हणायची, "तू खा गं, तुझ्या पोटात लेकरू हाय. तुला माझी शपथ." मी खायचे अन् रडायचे, अन् शेळीला शिव्या द्यायचे.

पाद्रीसाहेब आले. आदल्या दिवशी जाऊबाईनं खडीच्या मजुरीतून गहू आणले होते, त्याचीच पोळी केली. देऊळ दारापर्यंत भरलेलं. सगळे उठले, ही बसून राहिली. भक्ती झाल्यावर पाद्रीसाहेबांनी तिला बाजूला बोलावलं. मास्तर होते, मी होते.

"कस्तुराबाई, काय झालं?"

"साहेब, भावाबहिणीसंगं वाकडं असलं तर आधी नीट करून ये, मग मेजापुढं ये, असं तुमीच शिकविलं," ती म्हणली. "अन् आमी दोघं आता एक देह झालो, असं आमच्या लग्नात तुमीच सांगितलं. ह्यांचं धुरपतासंगं वाकडं हाय. मग अर्धा देह जेवायला कसा जाईल? ह्यांनी नीट केलं की मी येते."

"मग पोळी कामून करता?"

"पोळी मंडळीची हाय, साहेब. ती माझी थोडीच हाय?"

मग सगळं बाहेर आलं. पाद्रीसाहेब शांत माणूस, पण त्या दिवशी मास्तरांना चांगलंच बोलले. प्रार्थनेची अट त्याच दिवशी बंद. धुरपताबाईला जाऊन भेटा, असं बी सांगितलं. मास्तर "हो" म्हणले. पण गेले का? न्हाई! "अट काढली ना? आता दूध घ्यायला या म्हणावं, कोण अडवतंय?" सुंभ जळालं तरी पीळ जात न्हाई, तो असा. धुरपताबाई काही परत आली न्हाई. तिला दुधाचं अगत्य न्हवतंच. चारचौघांत तिचा तांब्या उलटा झाला होता, तो चारचौघांत सुलटा कोण करणार?

पुढच्या साली पाऊस झाला. दुधाची पोती संपली, लोकं शेतावर गेले. मास्तरांनी रविवारी रूळ वाजविला, आणखी वाजविला, हात दुखंस्तवर वाजविला. देवळात आमची तीच पाच-सात घरं. लक्ष्मीबाई तेवढी एकदा दारातून डोकावली अन् म्हणली, "मास्तर, कडबा झाला बरं का!" अन् गेली. मास्तर चटया गुंडाळायले होते. त्यांना कळलं होतं हो. आपण माणसं न्हाई, भूक गोळा केली होती, हे त्यांना कळलं होतं. पण कळणं येगळं अन् धुरपताबाईच्या दारात जाऊन म्हणणं येगळं.

अन् इकडं जाऊबाईवर बोलणं वाढायलं. खरं कारण आमच्या घरात ठाऊक, पाद्रीसाहेबांना ठाऊक, बाकी कुणाला न्हाई. जाऊबाईनं मला सक्त बजावलं होतं, "बोलायचं तर त्यांनी बोलावं. आपण बोललो तर त्यांची इज्जत जाती." मी जीभ चावून बसायचे. माझी जीभ म्हणजे काय, तुमाला कळलंच असंल आतापर्यंत.

अशी दोन-तीन वर्षं गेली अन् मग तो शनिवार आला. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी दुपारी आमच्यात तयारीची सभा असती. ज्याचं कुणासंगं बिनसलंय त्यानं तिथं मिटवायचं. मास्तरांनीच ती चालवायची! त्या सभेत बायनाबाई उठली. बाई मनानं बरी, पण सरळसोट. ती म्हणली, "मला कस्तुराबाईचा राग न्हाई. पण जिनं मेज सोडलंय, तिच्या हातची पोळी आमी कामून खावी? उद्यापासून दुसरीनं करावी."

सगळ्यांनी मास्तरांकडं बगितलं. मास्तर खाली बगायले. जाऊबाई उठली, निवडलेल्या गव्हाचं सूप बायनाबाईच्या हातात दिलं अन् म्हणली, "खडे नीट बगून घे गं. मला आता बारीक दिसत न्हाई." अन् घरी आली.

घरी आल्यावर ती जात्याजवळ बसली. रडली न्हाई. नुसता जात्याच्या खुंट्यावरून हात फिरवत बसली. माझ्या डोक्यात भडका उडाला. मास्तर अंगणात आले तशी मी शेळीपुढं जाऊन उभी राहिले.

"ऐकलं का गं शेळे! ह्या घरात एका बाईनं नवऱ्याची चूक पदराखाली झाकली. गावानं तिला पापीण म्हणलं, तरी बोलली न्हाई. आज तिची पोळी बी काढून घेतली. अन् ज्याची चूक, तो मिटवामिटवीची सभा चालवतो! शेळे, तुला दोन शिंगं हायत, कुणाला तरी मार गं!"

पंडित म्हणला, "अगं, हळू." मी म्हणलं, "तू गप!" शेळी बिचारी कडबा खायची थांबली.

दिवेलागण झाली, प्रार्थनेला बसलो. मास्तरांनी डोळे मिटले. मग म्हणले, "हे प्रभू, कस्तुराला बोलतं कर. मला तिचं मनातलं मनात सोसंना झालंय."

अन् माझी जाऊबाई बोलली. इतक्या दिवसांनी, मोठ्यानं, डोळे मिटून.

"हे प्रभू, मास्तरांच्या पायाला काय झालंय ते बग. सुवार्ता सांगायला ते चारठाण्यापर्यंत चालत गेले होते. धुरपताचं घर दोन गल्ल्या पलीकडं हाय, अन् तिथवर त्यांना चालवंना. मला मेजाची लय भूक लागलीय, प्रभू. पण त्यांना सोडून मी जेवणार न्हाई."

कुणी आमेन म्हणलं न्हाई. मी डोळे उघडले तर मास्तर उठले होते. दारात वहाणा होत्या, त्या बी न घालता निघाले. जाऊबाई उठली, मी उठले, आमी मागं मागं.

धुरपताबाई अंगणात म्हशीची धार काढून उठायली होती. पोरानं कमाई करून म्हैस घेऊन दिली होती. पंचफुला आता अंगानं भरली होती, दारात भांडी घासायली. शेजारच्या बाया ओट्यावर बसलेल्या. मास्तरांनी त्या बगितल्या. मला वाटलं, आता हे माघारी फिरतात. फिरले न्हाईत. उलट मोठ्यानं बोलले, ओट्यावर ऐकू जाईल असं.

"धुरपताबाई, मी चुकलो. ते दूध माझं न्हवतं, देवाचं होतं. मी त्याच्यावर चौकीदार होऊन बसलो. तुमाला लोकांपुढं बेइज्जत केलं. लेकराला उपाशी धाडलं. मला माफ करा."

धुरपताबाई घरात गेली. मास्तर उभेच. जाऊबाईनं माझा दंड घट्ट धरला होता, मला तिच्या हाताचे घट्टे टोचायले. मग धुरपताबाई बाहेर आली. हातात तोच तांब्या. धारोष्ण दूध त्यात ओतलं अन् मास्तरांपुढं धरला.

मास्तरांनी तो दोन्ही हातांनी घेतला, पण तोंडाला लावंनात. नुसते बगायले.

"प्या मास्तर," धुरपताबाई म्हणली. "आमच्यात आधी काही म्हणावं लागत न्हाई."

मास्तर रडले. भरल्या अंगणात, सगळ्या बायांपुढं, दूध पीत पीत रडले. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या माणसाच्या पाया पडावं वाटलं. धुरपताबाईनं पदरानं डोळे पुसले अन् जाऊबाईवर खेकसली, "तू काय बगायलीस उभी? घरात ये!"

दुसऱ्या दिवशी पाद्रीसाहेब मेजापुढं उभे राहिले, तव्हा मास्तरांनी हात वर केला. बहात्तर सालापासूनचं सगळं सांगितलं. कस्तुरा कामून उठत न्हवती ते सांगितलं. "पाप तिचं न्हवतं, माझं होतं. ती माझ्यासाठी उपाशी राहिली." मास्तरांची मी कितीक प्रवचनं ऐकली, त्यात कितीकांना जांभया येताना बगितल्या. त्या दिवशी कुणी हललं न्हाई. पुढं मास्तर बाजाराच्या गावाला गेले की हीच गोष्ट सांगायचे, धुरपताबाईच्या दुधाची. अन् मिरच्या घ्यायला आलेले लोकं थांबून ऐकायचे.

पोळी बायनाबाईनं केली होती. एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला करपलेली. मास्तरांचं बोलणं झालं तशी बायनाबाईच उठली, जाऊबाईच्या हाताला धरून तिला उभं केलं अन् म्हणली, "चल गं माय, पुढच्या बारीला तूच कर." मास्तर गड्यांच्या बाजूनं आले, ही बायांच्या बाजूनं, अन् दोघं शेजारी शेजारी गुडघे टेकून बसले. पाद्रीसाहेबांनी तुकडा दिला.

परत येऊन ती माझ्याजवळ चटईवर बसली. तोंड हळूहळू हलायलं होतं. मला राहवंना. मी कानाशी लागून इचारलं, "बाई, कशी लागली?"

"अळणी," ती म्हणली.

"अवो, प्रभुभोजनाच्या पोळीत मीठ घालतच न्हाईत. तुमीच तर करायच्या."

"हो गं," जाऊबाई म्हणली, अन् तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. "कशी लागती तेच इसरून गेले होते."